भल्या माणसाची अडचण : फारुख शेख यांचा पडद्यावरील प्रवास

हिंदी चित्रपटातला मुसलमान हा विषय निघाला की आपल्या बैठकींत तक्रारींची यादी ठरलेली असते. आधी नवाब आणि तवायफ, मग नायकासाठी जीव पणाला लावणारा पठाण, गावाला शहाणपण सांगणारे म्हातारे चाचा आणि नव्वदनंतर हातात बंदूक घेतलेला तरुण. यादी खोटी नाही. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) आणि 'मेरे मेहबूब' (१९६३) मधली झुंबरे, 'जंजीर' (१९७३) मधला शेरखान, 'शोले' (१९७५) मधले इमामसाहेब यांवर आपण प्रेमही केले आणि त्यांच्यामुळे वैतागलोही. रस्त्यात भेटणारा, रेशनच्या रांगेत उभा असणारा, मुलाच्या फीची चिंता करणारा मुसलमान पडद्यावर का दिसत नाही, हा प्रश्न आम्हीही अनेकदा विचारला आहे.

पण ही तक्रार करताना एका नटाकडे आपले दुर्लक्ष होते, असे आम्हांला वाटते. तो नट म्हणजे फारुख शेख. २८ डिसेंबर २०१३ रोजी दुबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिले, बोलले गेले, त्यात 'भला माणूस' हा शब्द सारखा येत राहिला. सभ्य, सुसंस्कृत, शेजारच्या घरातला मुलगा. हे खरे असेल, पण नटाची पारख करताना एवढ्यावर थांबणे म्हणजे त्याचे काम न पाहताच त्याला प्रशस्तिपत्र देणे होय. त्यांच्या चांगल्या भूमिका एकापाठोपाठ एक पुन्हा पाहिल्या तेव्हा आम्हांला वेगळेच काही दिसले. फारुख शेख यांनी भला माणूस क्वचितच नुसता भला म्हणून रंगवला. भल्या माणसाची नेमकी कुठे गोची होते, त्याचा पाय कोणत्या वळणावर अडखळतो, त्याची हिंमत कधी कमी पडते, हे त्यांनी दाखवले. आमच्या मते त्यांच्या अभिनयाचे मर्म येथे आहे आणि आपल्या त्या जुन्या तक्रारीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

त्यांचा जन्म २५ मार्च १९४८ चा, गुजरातेतल्या अमरोलीचा. वडील मुस्तफा शेख मुंबईत वकिली करीत. फारुख यांचे शिक्षण सेंट मेरीज शाळेत, मग सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला तो सिद्धार्थ लॉ कॉलेजमध्ये, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभ्या केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत. वकिलीत मन रमले नाही, नाटकात रमले. 'इप्टा'च्या मंडळींत वावर होता. त्याच वर्तुळातून त्यांना पहिला चित्रपट मिळाला, तो म्हणजे 'गर्म हवा'.

एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट १९७३ चा. इस्मत चुगताई यांच्या कथेवर कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी पटकथा लिहिली होती. फाळणीनंतरच्या आग्र्यातले मिर्झा कुटुंब. बूट बनवण्याचा कारखाना, हातची निसटत जाणारी हवेली, एकेक करून पाकिस्तानात जाणारे नातेवाईक आणि मागे उरलेले सलीम मिर्झा. बलराज साहनी यांची ती भूमिका आपल्याकडे योग्य कारणासाठी गाजली. परंतु त्यांचा धाकटा मुलगा सिकंदर फारुख शेख यांनी केला होता, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

सिकंदर शिकलेला आहे आणि नोकरी शोधतो आहे. मुलाखतीला जावे तर समोरचा म्हणतो, तुमच्यासाठी पाकिस्तानात जास्त संधी आहे. हे ऐकताना फारुख शेख चेहऱ्यावर दुःखाचा लेप चढवीत नाहीत. ते किंचित हसतात, उठतात, बाहेर पडतात. आपल्यापैकी ज्यांनी घर भाड्याने मागताना किंवा नोकरीचा अर्ज देताना असे गोड शब्दांतले नकार ऐकले आहेत, त्यांना ते हसू ओळखीचे वाटेल. तिथे रागावून उपयोग नसतो आणि रडणेही शोभत नाही. मित्रांबरोबर चहा पीत सिकंदर थट्टा करतो, राजकारणावर बोलतो, पुन्हा अर्ज लिहायला बसतो. शेवटी स्टेशनकडे निघालेल्या टांग्याला बेरोजगारांचा मोर्चा आडवा येतो आणि सिकंदर त्यात उतरतो. बाप त्याच्या पाठोपाठ उतरतो. चित्रपटाचा शेवट सलीम मिर्झांचा मानला जातो, पण पहिले पाऊल मुलाचे आहे. ते पाऊल टाकताना नवशिक्या फारुख शेख यांनी छाती फुगवली नाही. गर्दीत मित्र दिसावा आणि सहज त्याच्याकडे जावे, तसे ते गेले. हा सहजपणा पुढे चाळीस वर्षे टिकला.

'शतरंज के खिलाडी' (१९७७) मध्ये सत्यजित राय यांच्या हाताखाली एक छोटी भूमिका झाली. मग आला मुझफ्फर अली यांचा 'गमन' (१९७८). आमच्या लेखी फारुख शेख यांचे हे सर्वांत मोठे काम.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून गुलाम हसन मुंबईला येतो. मागे आजारी आई आणि बायको खैरुन. खैरुन म्हणजे स्मिता पाटील. मुंबईत गावचा मित्र लल्लूलाल आधार देतो. ती भूमिका जलाल आगा यांची. गुलाम आधी टॅक्सी धुतो, मग चालवायला शिकतो. नाना पाटेकर यांचाही हा पहिलाच चित्रपट. जयदेव यांच्या संगीताला आणि छाया गांगुली यांच्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शहरयार यांची गझल सुरेश वाडकरांनी गायली. एवढे सगळे कौतुकाचे धनी असताना टॅक्सीच्या काचेआडचा तो चेहरा मात्र मागे पडला.

त्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. गुलाम फार बोलत नाही. मागच्या सीटवर माणसे बसतात, भांडतात, प्रेम करतात, पत्ता सांगतात, उतरतात. गुलाम ऐकतो. ऐकण्याचा अभिनय फार थोड्या नटांना जमतो, कारण आपली पाळी कधी येते याची वाट पाहणे म्हणजे ऐकणे नव्हे. फारुख शेख यांच्या चेहऱ्यावर शब्द पोचायला थोडा वेळ लागतो. परक्या शहरात आलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य आधी मनात उलटून पाहावे लागते. तो विलंब त्यांनी बरोबर पकडला आहे. गावाहून पत्रे येतात, आईची तब्येत बिघडते आहे, पैशांची जुळवाजुळव होत नाही. लल्लूलालचा खून होतो. गुलाम स्टेशनवर येतो. गाडी समोर उभी आहे. भाड्यातच कमाई संपणार, मग घरी काय न्यायचे, हा हिशेब त्याच्या डोळ्यांत दिसतो. गाडी निघते आणि तो तिथेच राहतो.

हा प्रसंग अनेकांनी गरिबीचे चित्रण म्हणून वाखाणला. आम्हांला त्यात आणखी एक टोचणी जाणवते. गुलाम जाऊ शकला असता. कर्ज काढून, कुणाचे पाय धरून, विनातिकीटही जाऊ शकला असता. तो जात नाही. परिस्थिती क्रूर आहे हे खरेच, पण तिच्यासमोर हा माणूस थोडा कमीही पडतो आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. फारुख शेख यांच्या नजरेत त्या क्षणी दुःखाइतकीच शरम आहे. कोकणातल्या गावांतून आफ्रिकेत आणि आखातात गेलेले, खानदेश-मराठवाड्यातून मालेगाव-भिवंडीच्या मागांवर गेलेले बाप आणि भाऊ आपल्या घराघरांत आहेत. 'पुढच्या ईदला येतो' म्हणून लिहिणारी आणि न येणारी माणसे आपण पाहिली आहेत. ती वाईट नव्हती. पण ती आली नाहीत, हेही खरे. मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने पाहिले तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. 'गमन' पाहताना आम्हांला खैरुनचा राग आणि गुलामची शरम एकत्र कळली, याचे श्रेय स्मिता पाटील यांच्याइतकेच फारुख शेख यांना जाते.

मुझफ्फर अली यांच्याच 'उमराव जान' (१९८१) मध्ये ते नवाब सुलतान झाले. इथे आपली यादीतली तक्रार पुन्हा उभी राहते : आलाच की नवाब! झुंबरेही आहेत, शेरही आहेत, कोठाही आहे. परंतु मिर्झा हादी रुसवा यांच्या कादंबरीतून आलेल्या या नवाबाला फारुख शेख यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी त्याच्यातली नवाबी काढून टाकली. सुलतान उमरावकडे पाहतो ते मालक म्हणून नव्हे, एखाद्या संकोची विद्यार्थ्यासारखे. त्याचे प्रेम खरे आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. आणि तरीही घरच्यांच्या शब्दापुढे तो मान तुकवतो. उमरावला सोडून जाताना तो क्रूर होत नाही, आवाज चढवीत नाही. अदबीने सांगतो. त्या अदबीतच खरा घाव आहे. पुढे कानपुरात उमरावला कळते की, लहानपणी आपल्याबरोबर पळवून विकली गेलेली रामदेई आज नवाब सुलतानची बेगम आहे. दोघी एकाच बाजारातून आल्या. एक कोठ्यावर गेली, एक हवेलीत. त्या वेळी सुलतानच्या चेहऱ्यावर जो ओशाळेपणा येतो त्याला शब्द नाहीत. चांगल्या चालीरीतींचा माणूस त्या चालीरीतींमागे किती लपू शकतो, हे या भूमिकेने आम्हांला शिकवले. रेखा यांना त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण उमरावची वेदना आपल्यापर्यंत पोचते, कारण तिला फसवणारा माणूस खलनायक नाही.

सागर सरहदी यांच्या 'बाजार' (१९८२) मध्ये हैदराबाद आहे. आखातात कमावून आलेल्या, वयाने मोठ्या माणसासाठी गरीब घरची कोवळी मुलगी शोधली जाते. शबनम म्हणजे सुप्रिया पाठक, आणि तिच्यावर जीव लावून बसलेला सर्जू म्हणजे फारुख शेख. हा चित्रपट मुसलमानांच्या घरातल्या एका नासलेल्या व्यवहाराकडे बोट दाखवतो. आपल्या समाजात त्याविषयी तेव्हा नाराजी होती, आजही काही जण म्हणतात की घरची धुणी बाहेर कशाला. आम्हांला ते पटत नाही. हुंड्यावर कथा लिहिणाऱ्यांनी आणि तलाकवर बोलणाऱ्या आपल्याच बायांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सर्जूकडे पाहा. तो सगळे जाणतो आणि काहीच अडवू शकत नाही. पैसा नाही, वजन नाही, बोलण्याचा हक्कही कुणी दिलेला नाही. शबनम विष घेते. नायकाने दार फोडून आत यावे, अशी आपली सवयीची अपेक्षा असते. सर्जू त्या अपेक्षेला उतरत नाही.

येथवरच्या चारही भूमिका मुसलमानांच्या आहेत. मध्यंतरी 'नूरी' (१९७९) मधला काश्मिरी युसूफ त्यांना लोकप्रियता देऊन गेला. खय्याम यांच्या गाण्यांनी तो चित्रपट चालला, नटाला त्यात फारसे काम नव्हते. मग सई परांजपे आल्या आणि फारुख शेख यांच्या कारकिर्दीला दुसरे अंग फुटले.

'चश्मेबद्दूर' (१९८१) सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, दारावर 'चमको' साबणाची पावडर विकायला येणारी नेहा, आणि सिद्धार्थ पराशर. त्या चित्रपटात मुसलमान पात्र म्हणजे उधारी थकलेला पानवाला लल्लन मियाँ, जो सईद जाफरी यांनी झकास केला आहे. आणि पुस्तकात डोके घालून बसणारा पराशर मात्र फारुख शेख. याचे आपल्याला तेव्हा काही वाटले नाही, आजही वाटत नाही. हेच त्या काळाचे चांगुलपण होते. पण या चित्रपटातही पाहा, सिद्धार्थ मित्रांनी रचलेल्या खोट्यावर किती चटकन विश्वास ठेवतो. नेहाला एकदा विचारावे, एवढीही हिंमत त्याला होत नाही. हसत हसत का होईना, तोच जुना दुबळेपणा.

'कथा' (१९८३) आम्हां मराठी वाचकांच्या अधिक जवळची. 'ससा आणि कासव' या एस. जी. साठ्ये यांच्या मराठी नाटकावरून सईंनी हा चित्रपट केला. मुंबईची चाळ, सार्वजनिक नळ, गॅलरीतल्या गप्पा. कासव म्हणजे राजाराम पुरुषोत्तम जोशी, आणि ससा म्हणजे त्याच्या खोलीत पाहुणा म्हणून घुसलेला बाशू. राजाराम नसीरुद्दीन शाह यांनी केला, बाशू फारुख शेख यांनी. मराठी चाळीतला सज्जन आणि मराठी चाळीतला लफंगा, दोघेही मुसलमान नटांनी असे साकारले की, चाळीत वाढलेल्यांनाही कुठे खडा लागला नाही. ओळखीची माणसे दिसली, म्हणून लोक हसले. त्या वर्षीचा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'कथा'ला मिळाला.

बाशूच्या भूमिकेत फारुख शेख यांनी आपल्याच प्रतिमेची गंमत केली. तोच गोड आवाज, तेच अर्धे हसू, तोच अदबशीर वावर. पण आता या सगळ्याचा उपयोग थापा मारण्यासाठी आहे. बाशू म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, मालकावर छाप टाकतो, मालकाच्या घरातल्या बायकांनाही भुलवतो आणि संध्याला लग्नाच्या उंबरठ्यावर सोडून पसार होतो. चांगुलपणाची भाषा किती सहज उसनी घेता येते, हे ज्या नटाला चांगुलपणाची भाषा मनापासून येते त्यानेच दाखवावे, ही निवड सईंची. ती धाडसाची होती. आणि पडदा पडल्यावर आपल्याला बाशूचा राग येण्याऐवजी आपल्याच भोळेपणाचा राग येतो.

रमण कुमार यांच्या 'साथ साथ' (१९८२) मधला अविनाश हा या सगळ्याचा मधला दुवा आहे. समाजवादी विचारांचा, तत्त्वासाठी श्रीमंत बापाच्या मुलीबरोबर साधे आयुष्य स्वीकारणारा तरुण. संसार सुरू होतो, पैसा लागतो, आणि अविनाश एकेक पायरी खाली उतरतो. एके दिवशी गीता त्याला ओळखत नाही. फारुख शेख हा बदल मोठ्या प्रसंगांनी दाखवीत नाहीत. कपडे थोडे बरे होतात, बोलणे थोडे तुटक होते, बायकोच्या नजरेला नजर देणे कमी होते. ज्या पिढीने सत्तरच्या दशकात चळवळी केल्या आणि ऐंशीत फ्लॅट घेतले, तिचे इतके अचूक चित्र आम्ही दुसऱ्या हिंदी चित्रपटात पाहिलेले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर मात्र मोठ्या पडद्यावर त्यांच्यासाठी जागा उरली नाही. व्हिडिओमुळे मध्यमवर्ग थिएटरपासून दूर गेला, कमी खर्चाच्या चित्रपटांचा कणा मोडला आणि मारामारीचे चित्रपट वाढले. 'बीवी हो तो ऐसी' (१९८८) सारख्या चित्रपटांत ते दिसले, पण रेखा आणि बिंदू यांच्या भडक सामन्यात ते पाहुण्यासारखे एका बाजूला उभे राहिले. इथे त्यांच्या मर्यादेविषयीही बोलले पाहिजे. मोठा आवाज, उघडी त्वेषाची भावना, शरीराची झेप या गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. पटकथा कच्ची असेल तर तिला खांद्यावर उचलून नेणारा हा नट नव्हता. नसीरुद्दीन शाह किंवा ओम पुरी एखाद्या फालतू चित्रपटातही एखादा प्रसंग पेटवून जातात. फारुख शेख अशा चित्रपटांत नुसतेच सभ्य दिसतात. त्यांना बरोबरीचे लेखन लागत असे.

असे लेखन त्यांना दूरदर्शनने आणि रंगमंचाने दिले. शरच्चंद्रांच्या 'श्रीकांत' मालिकेत ते श्रीकांत होते. जो स्वतःच्या आयुष्याकडे वाटसरूसारखा पाहतो, ज्याला राजलक्ष्मीची ओढ आहे पण तिचा हात धरायचा निर्णय घेता येत नाही, असा हा नायक. दिवाणखान्यातल्या छोट्या पडद्याला हा नट फार शोभला. थिएटरात हरवणारी भुवईची हालचाल चौदा इंची चौकोनात नेमकी दिसत होती. मोहल्ल्यात एकाच्या घरी टीव्ही असायचा आणि दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा, त्या दिवसांत आमच्या आया-मावश्यांना हा नायक आपल्या माहेरच्या एखाद्या भावासारखा वाटे.

२००१ मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली. बीबीसीच्या 'येस मिनिस्टर'चा हा अधिकृत भारतीय अवतार. मंत्री सूर्यप्रकाश सिंग फारुख शेख, आणि त्यांना नाचवणारे सचिव राजनाथ माथुर जयंत कृपलानी. मंत्र्याला योग्य काय ते कळते, ते करावेसेही वाटते, आणि खुर्ची हलू लागली की तो हळूच बाजू बदलतो. विनोद यातून होतो. झी टीव्हीवरच्या 'जीना इसी का नाम है' मध्ये ते सूत्रधार होते. पाहुण्याचे जुने मित्र, शिक्षक, नातेवाईक येऊन आठवणी सांगत, आणि फारुख शेख पुन्हा तेच करीत जे त्यांनी टॅक्सीत केले होते : ऐकत.

रंगमंचावर १९९२ पासून त्यांनी शबाना आझमी यांच्यासोबत 'तुम्हारी अमृता' केले. ए. आर. गर्नी यांच्या 'लव्ह लेटर्स'चे जावेद सिद्दीकी यांनी केलेले रूपांतर, दिग्दर्शन फिरोज अब्बास खान यांचे. दोन खुर्च्या, दोन माणसे, पस्तीस वर्षांची पत्रे. झुल्फिकार हैदर हा कर्तबगार, मान्यवर, राजकारणात नाव कमावलेला माणूस. अमृतावर त्याचे आयुष्यभर प्रेम आहे आणि आयुष्यभर तो कर्तव्याच्या आड लपतो. शेवटी अमृता राहत नाही आणि त्याच्या हातात कागद उरतो. दोन दशकांहून अधिक काळ हे नाटक चालले. नट एका खुर्चीत बसून केवळ वाचतो, तेव्हा त्याच्याकडे लपायला जागा नसते.

मग उतारवयात चित्रपट पुन्हा त्यांच्याकडे आला. 'लाहोर' (२०१०) मधल्या प्रशिक्षकाच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिबाकर बॅनर्जी यांच्या 'शांघाय' (२०१२) मध्ये त्यांनी मुख्यमंत्र्यांचे सचिव कौल रंगवले. 'जी मंत्रीजी'मधला विनोद इथे गोठून भीतिदायक झाला आहे. एका कार्यकर्त्यावर ट्रक घालून हल्ला झाला आहे, चौकशी करणारा तरुण अधिकारी प्रामाणिक आहे, आणि कौल त्याला वडीलकीने, मायेने, बढतीची वाट दाखवीत सत्यापासून दूर नेऊ पाहतात. चाळीस वर्षांची ती मृदू वाणी आता सत्तेची वाणी झाली आहे. नवाब सुलतानची अदब आणि बाशूची गोडी इथे एकत्र आली, असे आम्हांला वाटले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सिकंदर, गुलाम, सुलतान, सर्जू. या चौघांत एकही आदर्श मुसलमान नाही. कुणी देशभक्ती सिद्ध करण्यासाठी मरत नाही, कुणी मित्रासाठी छातीवर गोळी झेलत नाही. ते कमी पडतात, शरमतात, चुकतात. अल्पसंख्य समाजावर चांगले दिसण्याचा दबाव फार असतो. लेखक म्हणून आपणही तो सोसला आहे. आपल्या कथेतला मुसलमान वाईट दाखवला तर आपलेच लोक रागावतात आणि फार चांगला दाखवला तर तो खोटा वाटतो. परिणामी आपल्याही लेखनात सोशीक बाप आणि पाक आई यांची गर्दी झाली. चुकणारा, कचरणारा, तरीही माणूस म्हणून आपलासा वाटणारा मुसलमान आपण किती लिहिला? फारुख शेख यांच्या भूमिकांपासून मराठी मुस्लिम लेखकाने काही घ्यायचे असेल तर ते हे आहे. दुबळे असण्याचा हक्क इतर माणसांना सहज मिळतो. आपल्या पात्रांना तो आपणच दिला पाहिजे.

एक खंत मात्र राहते. त्यांचा मुसलमान आग्र्याचा आहे, अवधचा आहे, हैदराबादचा, काश्मीरचा आहे. तो रत्नागिरीचा नाही, परभणीचा नाही, साताऱ्याचा नाही. मराठी बोलणारे म्हणून ते ठसले ते बाशूच्या चाळीत. घरात दखनी किंवा कोकणी आणि बाजारात मराठी बोलणारा, ग्रामपंचायतीत निवडून येणारा, वारीच्या वाटेवर पाणी देणारा मुसलमान त्यांच्यासाठी कुणी लिहिला नाही. हा दोष नटाचा नव्हे. ती माणसे कागदावर आणण्याचे काम आपले होते.

६ डिसेंबर २०१३ रोजी 'क्लब ६०' प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी डॉ. तारिक शेख ही भूमिका केली, सोबत सारिका. परदेशात तरुण मुलगा गोळीबारात गेला आहे आणि हे सुशिक्षित, साठीतले जोडपे जगण्याचे कारण शोधते आहे. तारिक खचला आहे, हेकट झाला आहे, बायकोच्या दुःखाकडे त्याचे लक्ष नाही. त्याचे नाव तारिक आहे म्हणून त्याच्याकडून कशाचाही खुलासा मागितला जात नाही. शेजारी त्याला हसवतात, चिडवतात, बागेत ओढून नेतात. चित्रपट म्हणून तो ढोबळ आहे, पण रेशनच्या रांगेतला मुसलमान पडद्यावर कुठे आहे, या आमच्या प्रश्नाला इथे एक उत्तर मिळते.

त्यानंतर आठवड्याभराने, १४ डिसेंबरला, आग्र्यात ताजमहालाच्या साक्षीने 'तुम्हारी अमृता'चा प्रयोग झाला. तो त्यांचा शेवटचा ठरला. आग्र्याच्या मोर्चात उतरलेला सिकंदर आणि आग्र्यातच हातात पत्रे घेऊन बसलेला झुल्फिकार, यांच्यामध्ये चाळीस वर्षे आहेत. नव्या वाचकांनी 'गमन' शोधून पाहावा. आणि पाहून झाल्यावर, मुंबईला गेलेल्या आपल्या घरातल्या एखाद्या माणसाविषयी, त्याच्या न येण्यासकट, एक कथा लिहावी.